मूल जेवत नाही म्हणून टॉनिक आणायला निघालाय? आधी हे करून बघा

आमचे चिरंजीव अडीच वर्षांचे होते तेव्हाची गोष्ट. दुपारी बारा वाजले की घरात तमाशा सुरू, तो पडवीतून अंगणात, मी ताटली घेऊन मागे, माझी आई मोबाईलवर गाणं लावून त्याच्या नाकासमोर धरणार आणि बायको म्हणणार राहू दे, दूध देते. हर्णै बंदरातल्या लिलावातून ताजी मासळी घरी आणणारा मी, आणि हा पठ्ठ्या तव्यावर तुकडी पडली की नाक दाबून बाहेर. खायचा काय तर पेज, दूध, चहात बुडवलेलं बटर (बेकरीतलं, टोस्टसारखं) आणि दुकानातली खाऊची पाच रुपयांची पाकिटं. भाजी नाही, डाळ नाही, अंडं नाही.

चार महिने आम्ही नुसते चुकीच्या दिशेने पळत होतो. दोन टॉनिकच्या बाटल्या झाल्या, एकदा नजर काढून झाली, शेजारच्या काकूंनी सांगितलेली घुटी पण झाली. मग एका बालरोगतज्ज्ञांनी आणि आमच्या अंगणवाडीतल्या ताईंनी मिळून मार्गावर आणलं. तुमचे चार महिने वाचावेत म्हणून क्रमाने लिहितो. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचे डोस इथे शोधू नका.

हाताशी एवढं ठेवा:
- माता-बाल संरक्षण कार्ड (लसीकरणाचं तेच, आत वाढीचा ग्राफ असतो)
- एक साधी वही आणि पेन
- मुलाची स्वतःची छोटी ताटली, वाटी, चमचा
- दूध मोजायला मापाचा कप, अंदाजे नको
- भिंतीवरचं घड्याळ

१. ताटाआधी वजनकाटा

"सुकलाय बघ पोर" हे आजीचं वाक्य म्हणजे मोजमाप नाही. पहिलं काम म्हणजे अंगणवाडीत जाऊन वजन आणि उंची घ्या. तिथे दर महिन्याला घेतातच, पैसे लागत नाहीत, आणि मूल तिथल्या पटावर नसेल तरी विचारा, आमच्या ताईंनी तर शेजारच्या वाडीतल्या पोरांचं पण घेतलं.

इथे आम्ही काय घोळ घातला ते सांगतो. एका दवाखान्यात वजन केलं ते बूट, जीन्स आणि ओलं डायपर यांच्यासकट, पंधरा दिवसांनी दुसरीकडे केलं ते नुसत्या बनियनवर. सातशे ग्रॅमचा फरक आला आणि हिने रडून घर डोक्यावर घेतलं. पोरगं होतं तसंच होतं. म्हणून काटा एकच, कपडे कमीत कमी, आणि शक्यतो सकाळचीच वेळ.

उंचीतही एक गंमत आहे. दोन वर्षांपर्यंत मूल आडवं झोपवून लांबी मोजतात, त्यानंतर उभं करून. उभ्याने मोजलं की साधारण पाऊण सेंटीमीटर कमी भरतं. ऐन दुसऱ्या वाढदिवसाला उंची "कमी झाली" म्हणून घाबरलेले आईबाप मी बघितलेत.

दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी पण लावून घ्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना ती लागते: १२.५ सेंटीमीटरच्या वर हिरवा, ११.५ ते १२.५ पिवळा, ११.५ च्या खाली लाल. लाल आला तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. अशा मुलांसाठी पोषण पुनर्वसन केंद्रं असतात, गरज असेल तर तिथे दाखल करून घेतात.

२. ग्राफ वाचायला शिका, एका ठिपक्यावर जाऊ नका

कार्डातला ग्राफ मुलींचा गुलाबी आणि मुलांचा निळा असतो. रेषा जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली काढलेल्या मापदंडांच्या आहेत आणि त्यासाठी मोजलेल्या मुलांत भारतातली मुलंही होती, त्यामुळे "हे फॉरेनच्या पोरांचं माप" वगैरे ऐकायचं नाही.

मोटामोटी हिशोब असा. जन्माच्या वजनाच्या दुप्पट पाचेक महिन्यांत, तिप्पट वर्षाला, चौपट दोन वर्षांना. आणि मग गाडी हळू होते. दोन ते पाच या वयात वर्षाला दोनेक किलो वजन आणि सहा-सात सेंटीमीटर उंची, बस्स. पहिल्या वर्षात सहा-सात किलो वाढलेलं पोरगं आता वर्षाला दोनच किलो वाढणार, म्हणजे त्याची भूकही तेवढीच राहणार. निम्म्या घरांतली "जेवत नाही" ही तक्रार इथेच मिटते. मूल बारीक असेल पण महिन्यामागून महिना आपल्याच रेषेला धरून वर चढत असेल, तर बहुतेक वेळा ते ठीक असतं.

लाईन आडवी झाली किंवा खालच्या रेषेकडे घसरायला लागली तर मात्र लक्ष द्यायचं. आमचं तसंच होतं. दोन वर्षांना १०.८ किलो, अडीच वर्षांना ११.२. सहा महिन्यांत चारशे ग्रॅम, जिथे किलोभर व्हायला हवं होतं. ठिपका अजून ग्राफवरच्या हिरव्या, म्हणजे ठीक, पट्ट्यातच होता म्हणून कुणी काही बोललं नाही. ताईंनी पेन्सिलने ठिपके जोडून दाखवले तेव्हा लाईन कशी लोळलीय ते मला दिसलं.

३. तीन दिवसांची वही

तीन दिवस, त्यातला एक सुट्टीचा, तोंडात गेलेलं सगळं लिहायचं. सगळं म्हणजे सगळं, आजोबांच्या कपातला चहा, दुकानात बसल्या बसल्या मिळालेलं बिस्कीट, शेजारणीने हातावर ठेवलेला लाडू. वेळ पण लिहायची. आणि हे काम घरातल्या एकट्याने होत नाही, वही ओट्यावर ठेवा आणि प्रत्येकाला लिहायला लावा.

आमच्या वहीतला पहिला दिवस जसाच्या तसा देतो:

सकाळी ७ दूध एक बाटली. ८.३० चहा आणि दोन बटर. १० पाकीट. ११.३० दूध एक बाटली. १२.३० जेवण, चार घास पेज, रडारड. ४ चहा, बिस्कीट तीन. ५.३० पाकीट अर्धं. ८ जेवण, काही नाही. ९ दूध एक बाटली.

हे वाचून मीच गप्प झालो. जेवत नाही कुठे, पोरगं दिवसभर खातच होतं.

४. दूध, चहा आणि पाकीट

सगळ्यात जास्त फरक आम्हाला इथे पडला म्हणून जरा सविस्तर.

बाटली २४० मिलीची, तीन बाटल्या म्हणजे ७२० मिली, आणि दूध म्हशीचं, वर साखर. म्हशीच्या १०० मिली दुधात शंभरेक कॅलरी धरा, म्हणजे सातशेच्या वर गेलं, आणि अडीच वर्षांच्या मुलाला दिवसाला लागतात जेमतेम हजार-अकराशे. मग भूक लागणार कशी? दूध चांगलंच आहे, पण त्यात लोह जवळपास नसतं. दुधावर वाढलेलं मूल गुबगुबीत दिसू शकतं आणि आतून रक्त कमी असतं. आमच्याचं हिमोग्लोबिन ९.४ निघालं, या वयात ११ च्या वर पाहिजे. यात आम्ही एकटे नाही म्हणा, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली पाच वर्षांखालची ६७ टक्के मुलं रक्त कमी असलेलीच निघाली होती. रक्त कमी की भूक कमी, भूक कमी की रक्त आणखी कमी, असं ते चक्र फिरत राहतं.

एक वर्षानंतर दिवसाला ४०० ते ५०० मिली दूध पुष्कळ. बाटली बंद, कप चालू. बाटली एकदम काढू नका असं सांगणारे भेटतील, आम्ही आधी रात्रीची काढली मग सकाळची, दहा दिवस गेले, त्यातल्या तीन रात्री वाईट होत्या.

चहाबद्दल कोकणात बोलणं म्हणजे भांडण ओढवून घेणं. पण मुलाला चहा नको, घोटभर पण नको. त्यातलं टॅनिन अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही आणि साखरेने भूक मरते. माझ्या आईला हे पटायला महिना लागला. शेवटी तिने आपल्या चहाची वेळ पोरगं झोपतं तेव्हाची केली.

पाकिटं घरात आणूच नका. आणून वर फळीवर ठेवायची आणि मग नाही म्हणायचं, हा खेळ मूलच जिंकतं. आमचा पर्यटकांना रूम द्यायचा धंदा, प्रत्येक पाहुणा लाडाने पाकीट देतो, म्हणून मी पाहुण्यांना आल्याआल्या सांगायला लागलो की द्यायचंच असेल तर केळं द्या.

५. वेळा बांधा

तीन जेवणं आणि मधे दोन छोटी खाणी. दोन खाण्यांत अडीच-तीन तासांचं अंतर आणि मधल्या वेळात फक्त पाणी. आमचं वेळापत्रक: आठला नाश्ता, साडेदहाला फळ, एकला जेवण, चारला खाऊ, साडेसातला जेवण. जेवण वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. त्यात जे पोटात गेलं ते गेलं, ताटली शांतपणे उचलायची आणि पुढच्या वेळेपर्यंत काही नाही.

पहिले चार-पाच दिवस पोरगं खरंच कमी खाईल. तुम्हाला वाटेल उपाशी मारतोय आपण. घरात कुणीतरी हळूच बिस्कीट देईल आणि सगळं मुसळ केरात. आमच्याकडे ते काम मीच केलं, दुसऱ्याच दिवशी.

आजारी मुलाला हे लावू नका. ताप, जुलाब असताना मागेल तेव्हा आणि मागेल ते.

६. ताटात किती, आणि भरवायचं का

किती वाढायचं याचं सोपं माप: प्रत्येक पदार्थ वयाइतके मोठे चमचे. दोन वर्षांना दोन चमचे भात, दोन चमचे डाळ, दोन चमचे भाजी. आम्ही मोठ्या ताटात ढीग वाढायचो आणि तो ढीग बघूनच तो पळायचा. कमी वाढा, मागितलं तर परत वाढा.

काय शिजवायचं, कधी द्यायचं, कुठे बसायचं हे आपण ठरवायचं. खायचं की नाही आणि किती, हे त्याच्यावर. "अजून एक घास चिऊचा" बंद, "भाजी खाल्लीस तर चॉकलेट" पण बंद, कारण त्यातून मुलाला एवढंच कळतं की भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस. मोबाईल लावून भरवलं तर घास आत जातो खरा, पण आपण काय खाल्लं आणि पोट कधी भरलं हे पोराच्या गावी पण नसतं. स्वतःच्या हाताने खाऊ दे, सांडू दे. खाली जुनी चादर टाका, झालं.

आपल्याकडचं काय द्यावं? पेज वाईट नाही, पण नुसती पेज म्हणजे भात आणि पाणी. तीच घट्ट करा, वर तूप, मेतकूट, नाहीतर मुगाची डाळ घालून मऊभात. कुळथाची पिठी मुलांना आवडते फक्त तिखट कमी, त्यात वरून लिंबू पिळा, आंबटाने लोह चांगलं शोषलं जातं. घावणे, आंबोळ्या हाताने धरून खाता येतात म्हणून उत्तम, पिठात थोडी नाचणी ढकलली तर कळत पण नाही. वालाचं बिरडं मऊ शिजवून कुस्करून. ओला नारळ सढळ घाला, छोट्या पोटाला थोड्यात जास्त ताकद मिळते.

नाचणीबद्दल एक सांगतो, १०० ग्रॅममध्ये कॅल्शियम साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास, दुधाच्या तिप्पट, हे सगळे सांगतात. पण मुलाच्या आंबीलात पीठ जातं दोन चमचे. चांगलीच आहे, रोज द्या, फक्त नाचणी दिली म्हणजे बाकी सगळं माफ असं नाही. मोड आणून दळलीत तर तिच्यातलं लोह जास्त लागू पडतं.

आणि एक धोका. अख्खे काजू, शेंगदाणे, आठळ्या, जांभळाची बी हे चार-पाच वर्षांखालच्या मुलाच्या हातात नको, घशात अडकतात. मे महिन्यात घरभर काजू आणि फणस पसरलेला असतो, खाली बघून चाला. काजूचा कूट करून द्या, आठळ्या उकडून पूर्ण कुस्करून.

७. नवा पदार्थ: आमची मांदेलीची गोष्ट

दोन ते सहा या वयात नवीन पदार्थाची भीती ही नेहमीची गोष्ट आहे. चालायला लागलेलं मूल दिसेल ते तोंडात घालू नये म्हणून निसर्गाने लावलेला ब्रेक असावा, असं मला वाटतं. एखादा पदार्थ आठ-दहा, कधी पंधरा वेळा समोर आल्यावर मूल तो तोंडात घालतं. आपण तिसऱ्या वेळी "याला आवडत नाही" म्हणून शिक्का मारून मोकळे होतो.

युक्ती एवढीच: एका वेळी एकच नवी गोष्ट, नखाएवढी, आणि बाजूला त्याचं ओळखीचं काहीतरी. बोलायचं नाही. बघ किती छान, खा ना, हे सुद्धा नाही.

मी मांदेली ही छोटी मासळी निवडली, कुरकुरीत तळलेली. पहिल्या चार वेळा ताटलीच्या बाहेर फेकली. पाचव्या वेळी बोटाने ढकलली. सातव्या वेळी नाकाजवळ नेली आणि मला म्हणाला "वाश". मधे एकदा लिलावाला घेऊन गेलो, टोपलीतली मांदेली हातात घेऊन खिदळला, डोळे मोजत बसला. घरी येऊन मीठ-हळद लावायला पाटावर बसवला, सगळा सदरा पिवळा. नवव्या वेळी शेपटी मोडून तोंडात टाकली, चावली, कुर्रकन आवाज आला आणि त्या आवाजालाच हसला. आई काहीतरी बोलणार होती, मी तिच्याकडे असं बघितलं की ती उठून आत गेली. त्या आठवड्यात तीन शेपट्या, पुढच्या आठवड्यात अर्धी मांदेली.

पहिला मासा म्हणून मुडदुशा पण चांगल्या, बाळंतिणीला देतात त्याच, मऊ असतात. कुठलाही मासा असो, काटे आपण बोटाने चाचपून काढायचे, चमच्यावर विसंबू नका. मोरीसारखे (म्हणजे शार्क) मोठे मासे लहानांना वरचेवर नकोत, त्यांच्यात पारा साठलेला असतो. आणि पहिल्यांदा मासा किंवा कोळंबी दिली की अंगावर गांधी येतात का, ओठ सुजतात का ते बघा, दम लागला तर थेट दवाखाना.

वेळ साधायची तर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी असते, त्या दोन महिन्यांत सुरुवात करू नका, सवय मधेच तुटते. सुकटीवर भागवायचं तर मीठ फार, दोन-तीन पाण्यांतून धुवून घ्या. आम्ही पावसाळ्यात अंड्यावर लक्ष दिलं. शाकाहारी घरात हाच क्रम डाळ, उसळ, पनीर यांना लावा.

लाल माठाची भाजी सध्या अकराव्या वेळेला ताटलीच्या कडेला पडलेली आहे.

८. घरातली माणसं

एक नियम, सगळ्यांना सारखा. बाप नाही म्हणणार आणि आजी हो म्हणणार असं चालत नाही. आजीशी वाद घालण्यापेक्षा तिला काम द्या. माझ्या आईला मी वहीचं काम दिलं, तेव्हापासून ती माझ्यावरच लक्ष ठेवते. गणपतीत मुंबईहून चाकरमानी आले की दहा दिवस सगळं मोडतं, ते मोडू द्या. अकराव्या दिवशी परत वेळापत्रक.

मुलाच्या देखत "हा काही खातच नाही" असं कुणाला सांगू नका. तो ऐकतो आणि तसाच वागतो.

९. डॉक्टरकडे कधी, आणि काय घेऊन

हे दिसलं तर घरचे प्रयोग थांबवा: वजन घटतंय किंवा दोन-तीन महिने जागच्या जागी आहे, माती, खडू, भिंतीचा पोपडा खातो (बऱ्याचदा रक्त कमी असल्याची खूण), चेहरा-नखं पांढुरकी, घास गिळताना ठसका किंवा उलटी, सततचे जुलाब, चार-चार दिवस शी न होणं (बद्धकोष्ठ असलं की भूक लागतच नाही, आणि जास्त दुधाने ते वाढतं). एकूण पदार्थच आठ-दहा उरलेत आणि त्यातलेही गळताहेत, किंवा जोडीला बोलणं उशिरा, हाक मारली तर बघत नाही असं असेल तर तेही स्पष्ट सांगा. अंगणवाड्यांत तपासणीला येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अशा मुलांना पुढे पाठवतं.

जंताची गोळी फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये अंगणवाडीतून मिळते, चुकवू नका. अ जीवनसत्त्वाचा डोस पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. लोहाचं सिरप आशाताईंकडे असतं, पण डॉक्टरांनी वेगळे थेंब दिले असतील तर दोन्ही चालू आहेत हे त्यांना सांगा.

थेंबांचा आमचा गाढवपणा: कडू लागतात म्हणून आम्ही ते दुधात घालून द्यायचो. दुधातल्या कॅल्शियममुळे लोह नीट शोषलं जात नाही. महिनाभराचे थेंब बरेचसे वाया. पाण्यासोबत नाहीतर लिंबाच्या सरबतासोबत द्या, शी काळी होते त्याला घाबरू नका, दात काळे पडू नयेत म्हणून नंतर चूळ. भूक वाढवायचं सिरप कुणी सुचवलं तर आधी विचारा की त्यात नक्की काय आहे, काहींत नुसतं झोप आणणारं ॲलर्जीचं औषध असतं.

जाताना पिशवीत: माता-बाल कार्ड, तीन दिवसांची वही, आधीच्या चिठ्ठ्या आणि रक्ताचे रिपोर्ट, चालू औषधांच्या बाटल्या (नाव लिहून नको, बाटलीच न्या), मुलाचं आधार किंवा जन्मदाखला, रेशनकार्ड. रिपोर्टच्या झेरॉक्स दोन काढा, एक दवाखान्यात राहते. आणि मुलाला खायला घालून न्या, ओपीडीच्या रांगेत दोन तास जातात आणि समोरच पाकिटांचं दुकान असतं.